हुंकाराला जागा ठेवा

माझी लेक तेव्हा साडेचार वर्षांची होती. टेबलाखाली पालथी पडून ती लाकडी ठोकळ्यांची रांग लावत होती आणि वर स्पीकरवर मुलांसाठीचा एक पॉडकास्ट चालू होता. विषय ऑक्टोपस. निवेदिका मोठ्या हौसेनं म्हणाली, "सांगा पाहू, ऑक्टोपसला हृदयं किती असतात?" लेकीच्या हातातला ठोकळा अधांतरी राहिला. तिनं डोळे बारीक केले, तोंड उघडलं, आणि तेवढ्यात निवेदिकेनं स्वतःच सांगून टाकलं, "तीन!" टेबलाखालून चिडका आवाज आला, "ताई, थांब ना गं! मी सांगत होते."

ताई कसली थांबते! ती महिन्याभरापूर्वीच बोलून मोकळी झाली होती.

गोष्ट सांगणाऱ्याला हुंकार लागतो. समोरून "हं", "मग?", "खरंच?" असं काहीतरी आलं की सांगणारा पुढे सरकतो. नाही आलं तर थबकतो, मूल झोपलं की कंटाळलं ते बघतो. रेकॉर्ड केलेल्या आवाजाला हुंकार ऐकू येत नाही, त्याला इलाज नाही. पण हुंकारासाठी जागा सोडणं मात्र त्याच्या हातात असतं. लहान मुलांचा शैक्षणिक पॉडकास्ट चांगला की वाईट हे मी आता एवढ्यावरच ठरवते. त्यात माहिती किती ठासून भरली आहे, संगीत किती झकास आहे, तज्ज्ञ कोण बोलावले आहेत, हे सगळं नंतर. मुलाला तोंड उघडायला किती जागा ठेवली आहे, ते आधी.

सध्या या पॉडकास्टांचं कौतुक होतं ते भलत्याच कारणासाठी: 'यात स्क्रीन नाही.' हे कौतुक कुठून आलं ते समजतं. जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली पाच वर्षांखालच्या मुलांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. दोन वर्षं पूर्ण होईपर्यंत स्क्रीनसमोर बसवूच नका, दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला तासाभराहून जास्त नको, असं त्यात आहे. मग पालकांच्या मनात स्क्रीनची टोचणी बसली आणि कानाचा मार्ग एकदम पवित्र ठरला. मीही त्यातलीच. एक मेल पाठवायची असायची, वीस मिनिटं हवी असायची, की पॉडकास्ट लावायचे आणि वर स्वतःला शाबासकी द्यायचे. वीस मिनिटं मिळवण्यात काहीच चूक नाही. आईबापांनाही श्वास घ्यायचा असतो. पण त्याला शिक्षण म्हणायचं असेल तर स्क्रीन नसण्यापलीकडे काहीतरी दाखवावं लागेल. विष नाही म्हणून एखादी गोष्ट औषध होत नाही.

अगदी तान्ह्या मुलांच्या बाबतीत तर उत्तर जवळजवळ स्पष्ट आहे. सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कूल यांनी २००३ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली आणि त्यांना चिनी मँडरिन भाषा ऐकवली, साधारण पंचवीस मिनिटांची बारा सत्रं. काही बाळांसमोर खरा माणूस बसून खेळत, बोलत होता. काहींना तेच व्हिडिओवर दाखवलं, काहींना नुसतं ऐकवलं. ज्यांच्यासमोर माणूस होता ती बाळं मँडरिनमधले दोन जवळजवळचे ध्वनी वेगळे ओळखू लागली. व्हिडिओवाली शिकली नाहीत आणि नुसतं ऐकणारीही शिकली नाहीत. म्हणजे त्या वयात स्क्रीन काढून स्पीकर ठेवला म्हणून काही साधत नाही. दोन्हीकडे माणूस गैरहजरच.

तरीही पाळण्याशेजारी 'बुद्धी वाढवणारं' काहीतरी लावून ठेवायचा मोह सुटत नाही. १९९३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात एक छोटासा निष्कर्ष छापून आला होता: मोझार्टचं संगीत ऐकल्यावर कॉलेजातल्या विद्यार्थ्यांची जागेच्या, आकारांच्या कोड्यांमधली कामगिरी थोडी सुधारली, आणि परिणाम दहा-पंधरा मिनिटांत ओसरला. बस, एवढंच. पुढे १९९८ साली अमेरिकेतल्या जॉर्जिया राज्याच्या गव्हर्नरांनी प्रत्येक नवजात बाळाला शास्त्रीय संगीताची सीडी द्यावी म्हणून सरकारी पैसे मागितले. कॉलेजच्या पोरांवरचा प्रयोग पाळण्यापर्यंत पोहोचायला पाच वर्षं पुरली! आज पॉडकास्टच्या वर्णनात 'मेंदूच्या विकासासाठी' असे शब्द दिसले की मला ती सीडी आठवते.

मग तीन ते आठ या वयाचं काय? इथे माझा सूर बदलतो, कारण इथे आवाजाची ताकद खरी आहे.

वाचनाचा अभ्यास करणारे लोक गफ आणि टनमर यांचं १९८६ सालचं एक साधं सूत्र वापरतात: वाचून समजणं म्हणजे अक्षरं उलगडता येणं गुणिले भाषा समजणं. बेरीज नव्हे, गुणाकार. एक बाजू शून्य असली की सगळंच शून्य. शाळेत पहिली काही वर्षं आपण सगळा जीव पहिल्या बाजूवर ओततो, काना-मात्रा-वेलांटी. दुसरी बाजू मात्र कानातून भरत असते. पाच वर्षांच्या मुलीला 'गुरुत्वाकर्षण' वाचता येणार नाही, पण तो शब्द ऐकून, चार वाक्यांत वापरलेला पाहून ती तो खिशात टाकू शकते. तिला वाचता येतं त्यापेक्षा तिला ऐकून समजतं ते कितीतरी पुढचं असतं, आणि ही तफावत बरीच वर्षं टिकते. चांगला पॉडकास्ट नेमका या तफावतीत काम करतो.

शिवाय घरातली आपली भाषा किती तुटपुंजी असते ते जरा आठवून पाहा. बूट घाल. ते खाली ठेव. किती वेळा सांगितलं? चल, उशीर होतोय. यात 'जरी-तरी' नसतं, 'त्यामुळे' क्वचित येतं, 'अन्यथा' तर कधीच नाही. लिहिलेल्या भाषेची वळणं मुलाच्या कानावर पडायची तर कोणीतरी वाचून दाखवावं लागतं, किंवा विचारपूर्वक लिहिलेलं काही ऐकवावं लागतं. एका रात्री दिवा बंद करताना माझ्या लेकीनं गंभीरपणे सांगितलं होतं, "परंतु मला झोप आलेली नाही." हा 'परंतु' आमच्या घरात कोणी बोलत नाही. तो स्पीकरमधून आला होता.

आता चित्राबद्दल. 'आवाज ऐकताना मूल स्वतःचं चित्र स्वतः रंगवतं' हे वाक्य मुलांच्या पॉडकास्टच्या प्रत्येक जाहिरातीत असतं. अर्धंच खरं आहे. सिनसिनाटीच्या बालरुग्णालयातल्या जॉन हटन यांनी २०१८ साली साधारण चार वर्षांच्या २७ मुलांना एमआरआय यंत्रात झोपवून गोष्टी दिल्या: एक नुसती ऐकायची, एक चित्रांसोबत ऐकायची, एक अॅनिमेशनमध्ये बघायची. अॅनिमेशनच्या वेळी मेंदूच्या वेगवेगळ्या भागांचा आपसातला मेळ ढासळला. चित्रंच इतकी धावत होती की भाषेला काम उरलं नाही. नुसतं ऐकताना भाषेचा भाग जागा होता, पण समजून घेण्यासाठी मुलांना जोर लावावा लागतोय असं दिसलं. सगळ्यांत चांगला मेळ बसला तो स्थिर चित्रं समोर ठेवून ऐकलेल्या गोष्टीत. मुलं मोजकी होती, त्यामुळे यावर इमला बांधू नये. पण माझ्या घरातला पुरावा त्याला धरूनच होता. ऑक्टोपसचा भाग ऐकून लेकीनं चित्र काढलं: आठ पाय, आठही पायांना गुडघे, आणि आठ बूट. ऑक्टोपस तिनं कधी पाहिलाच नव्हता. 'आठ पाय' हे शब्द कानावर पडले, तेव्हा तिच्याकडे पाय म्हणून जे होतं ते तिनं आठदा काढलं. मला ते चित्र फार आवडतं, अजून कपाटाच्या दारावर आहे. पण त्यातून ऑक्टोपस कळला असं मी म्हणणार नाही. एक फोटो शेजारी ठेवला असता तर बाकीची कल्पनाशक्ती योग्य कामाला लागली असती.

तोच भाग तिनं पुढच्या दोन आठवड्यांत अकरा वेळा ऐकला. मी मोजलं, कारण सातव्यांदा मला वेड लागायची पाळी आली होती. मला वाटायचं, हिचं काहीतरी अडकलंय. अडकलं होतं माझंच. जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली तीन वर्षांच्या मुलांवर केलेला एक सुरेख प्रयोग आहे. काही मुलांना एकच गोष्ट पुन्हा पुन्हा वाचून दाखवली. काहींना वेगवेगळ्या गोष्टी वाचून दाखवल्या, पण त्यांत नवे शब्द तेच आणि तितक्याच वेळा आले. शब्द लक्षात राहिले ते तीच ती गोष्ट ऐकणाऱ्यांच्या. कथा पाठ झाली की मुलाचं लक्ष मोकळं होतं आणि शब्दांकडे जातं.

इथेच पॉडकास्ट या प्रकाराची मूळ खोड आडवी येते. 'पॉडकास्ट' हा शब्द २००४ साली 'गार्डियन' या ब्रिटिश वर्तमानपत्रातल्या एका लेखात पहिल्यांदा छापून आला, आणि तेव्हापासून त्याचा सांगाडा वर्तमानपत्रासारखाच आहे: वर्गणीदार व्हा, नवा भाग आपोआप येईल. मोठ्यांसाठी ते ठीक. पण साडेचार वर्षांच्या मुलीला 'नवा भाग' हा गुणच वाटत नाही. ऑक्टोपस संपला की अॅप उतावीळपणे ज्वालामुखी सुरू करतं. ज्वालामुखीत वाईट काही नाही, पण अजून ऑक्टोपस जिरलेला नाही! याबाबतीत टीव्ही, ज्याला आपण एवढी नावं ठेवतो, तो शहाणा निघाला होता. १९९६ साली सुरू झालेल्या 'ब्लूज क्लूज' या मुलांच्या मालिकेचा एकच भाग सोमवार ते शुक्रवार दाखवत असत. निवेदक प्रश्न विचारून कॅमेऱ्याकडे बघत चक्क गप्प राहायचा. मोठ्यांना ते विचित्र वाटायचं आणि मुलं घसा फोडून उत्तरं द्यायची.

नुसत्या आवाजातही हे करता येतं आणि ते पन्नास वर्षांपूर्वी करून झालेलं आहे. १९७०च्या दशकात निकाराग्वात स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या मदतीनं प्राथमिक शाळांसाठी रेडिओवरून गणित शिकवण्याचा प्रकल्प झाला. त्यातला रेडिओ व्याख्यान देत नसे. तो विचारायचा, थांबायचा, वर्ग एका सुरात उत्तर द्यायचा, मग रेडिओ बरोबर उत्तर सांगून पुढे जायचा. पुन्हा प्रश्न, पुन्हा थांबा. सबंध धडाभर हेच, आणि मधून मधून उभं राहा, लिहा, मोजा. रेडिओच्या वर्गांतल्या मुलांचं गणित नेहमीच्या वर्गांपेक्षा सरस ठरलं आणि ही पद्धत पुढे अनेक देशांत गेली. रेडिओला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. तो ऐकल्यासारखा थांबत होता, आणि मुलांना तेवढं पुरत होतं.

किती वेळ थांबायचं, यालाही आधार आहे. मेरी बड रो या अमेरिकी शिक्षणतज्ज्ञांनी १९७०च्या दशकात वर्गांमधली संभाषणं मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंद थांबत होते. तो थांबा तीन सेकंदांवर नेला तेव्हा मुलांची उत्तरं लांबली, 'माहीत नाही' कमी झालं, एरवी गप्प बसणारी मुलंही बोलू लागली. दोन सेकंदांचा फरक! पण रेकॉर्डिंग करणाऱ्याला विचारा, तीन सेकंदांची शांतता म्हणजे त्याला यंत्र बिघडल्यासारखी वाटते. संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये शांतता हुडकून कापून टाकायची सोयच असते. ऐकायच्या काही अॅपमध्येही आहे. म्हणजे निवेदिका चुकून थांबलीच, तरी तिचं थांबणं मुलापर्यंत पोहोचेल याची खात्री नाही.

थांबण्याचा एवढा हट्ट का, तर मुलं नुसत्या शब्दांच्या पावसानं भिजत नाहीत. अमेरिकेतल्या एमआयटी या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१८ साली चार ते सहा वयाच्या ३६ मुलांच्या घरातलं बोलणं रेकॉर्ड केलं आणि त्यांच्या मेंदूच्या चित्रांशी ताडून पाहिलं. गोष्ट ऐकताना मेंदूतलं भाषेचं केंद्र कुणाचं जास्त जागं होतं, याचा संबंध घरात किती शब्द उच्चारले गेले याच्याशी फारसा नव्हता. तो होता बोलण्याच्या देवाणघेवाणीशी: तू बोललास, मी बोलले, पुन्हा तू. याच्या उलट बाजूचाही एक आकडा आहे. २००९ सालच्या एका अभ्यासात, घरात टीव्हीचा आवाज चालू असलेल्या दर तासामागे मोठ्यांकडून मुलाच्या कानावर पडणारे शब्द ७७०नं घटलेले आढळले. तो अभ्यास टीव्हीचा होता. पण दिवसभर मागे बडबडत राहिलेला पॉडकास्ट घरातल्या बोलण्याशी याहून वेगळा वागेल असं मानायला मला कारण दिसत नाही. हेडफोनबद्दलही माझी तक्रार हीच. कानांना इजा होते हा मुद्दा आहेच. मुलांसाठी ७५ डेसिबल आणि आठवड्याला चाळीस तास ही मर्यादा जागतिक आरोग्य संघटनेनं सांगितली आहे. पण हेडफोन घातला की मुलाचं "आई, खरंच?" ऐकायला कोणी उरत नाही, आणि विचारणंही हळूहळू थांबतं.

यावर लगेच येणारा आक्षेप मला ठाऊक आहे, कारण तो मी स्वतःच घेतला असता. ज्यांच्याकडे शेजारी बसायला वेळ आहे त्यांना पॉडकास्टची गरजच काय? आणि ज्यांना गरज आहे त्यांच्याकडे वेळ कुठून येणार? दोन नोकऱ्या करणाऱ्या आईला 'मुलासोबत बसून ऐका' सांगणं म्हणजे जखमेवर मीठ. अगदी मान्य. म्हणूनच माझा रोख पालकांवर नाही, बनवणाऱ्यांवर आहे. शेजारी माणूस नसणार हे गृहीत धरूनच पॉडकास्ट घडवायला हवा. आणि ज्या मुलांना दिसत नाही, ज्यांना अक्षरं जुळवताना त्रास होतो, ज्यांच्या घरात शाळेची भाषा कुणालाच येत नाही, त्यांच्यासाठी आवाज हा दुय्यम मार्ग नाहीच, तो राजमार्ग आहे. त्यांना तर आणखी नीट घडवलेलं ऐकायला मिळायला हवं.

बीबीसीनं १९५०च्या जानेवारीत पाच वर्षांखालच्या मुलांसाठी रोज पंधरा मिनिटांचा रेडिओ कार्यक्रम सुरू केला, तो १९८२पर्यंत चालला. नाव होतं 'लिसन विथ मदर', आईसोबत ऐका. त्यातल्या 'आई'वर आज भांडता येईल, बाप कुठे गेला म्हणून. 'सोबत'वर भांडता येणार नाही. आणि तो कार्यक्रम सार्वजनिक पैशावर चालत असल्यामुळे मध्येच कोणी काही विकायला येत नव्हतं. हा मुद्दा मला फार महत्त्वाचा वाटतो. अमेरिकी मानसशास्त्र संघटनेच्या एका गटानं २००४ साली म्हटलं होतं की आठ वर्षांखालच्या मुलांना जाहिरातीमागचा पटवण्याचा हेतू कळत नाही, तेव्हा त्यांना उद्देशून केलेल्या जाहिरातींवर बंधन हवं. टीव्हीवर निदान जाहिरात वेगळी दिसते, चित्र बदलतं. पॉडकास्टमध्ये तीच ताई, त्याच आवाजात, ऑक्टोपसवरून सरळ खेळण्यांच्या खोक्यावर येते. मूल तिच्यावर विश्वास ठेवायला शिकलेलं असतं. शिक्षिकेनं वर्गात वस्तू विकली तर आपण गप्प बसू का? आठ वर्षांखालच्या मुलांच्या पॉडकास्टमध्ये जाहिरात नकोच, निवेदिकेच्या आवाजातली तर मुळीच नको. मग पैसे कुठून येणार? वाचनालयांना जसे येतात तसे, सगळ्यांच्या तिजोरीतून. मुलांची पुस्तकं सार्वजनिक पैशानं घेता येत असतील तर मुलांच्या कानासाठीही काही घेता येईल. आणि पैसे देणाऱ्यानं भाग किती, श्रोते किती, एवढंच विचारू नये. प्रश्नानंतर किती सेकंद थांबलात, तेही विचारावं.

मी त्या ऑक्टोपसवाल्यांना लिहिलं होतं. फार काही नाही, प्रश्नानंतर चार सेकंद द्या, एवढंच. 'आपल्या अभिप्रायाबद्दल धन्यवाद' असं यंत्रानं पाठवलेलं उत्तर आलं. एका ओळखीच्या निर्मात्यानं मला समजावलं की शांतता आली की श्रोते निघून जातात, आलेखात दिसतं. असेल. पण फोनवर बोट कोणाचं असतं? माझंच ना. लेक टेबलाखाली असते.

मग मी स्वतःच थांबा झाले. प्रश्न आला की पॉज. ऑक्टोपसची दोन हृदयं कल्ल्यांकडे रक्त ढकलतात आणि तिसरं बाकीच्या शरीराकडे, हे आम्ही असं थांबत थांबत ऐकलं. तिनं विचारलं, "आणि एक बिघडलं तर?" मला सांगता आलं नाही. त्यावर आमचं अर्धा तास बोलणं झालं आणि उरलेला भाग तसाच राहिला.

गेल्या महिन्यात त्याच पॉडकास्टच्या नव्या भागात प्रश्न आला, "चंद्रावर आवाज ऐकू येईल का?" मी मनात मोजलं. एक सेकंद, आणि निवेदिकेनं पुढचा श्वास घेतला. मी पॉज दाबला. लेक आता सहा वर्षांची आहे, टेबलाखाली मावत नाही, पाय बाहेर येतात. तिनं बराच वेळ छताकडे बघितलं.

"नाही," ती म्हणाली. "तिथे बोलायला कोणीच नाही ना."

हवा नसल्याचं निवेदिकेनं नंतर सांगितलं.